वाचकांचे प्रश्न : फायबर, ५जी आणि नवा दूरसंचार कायदा

दूरसंचाराच्या नव्या नेटवर्कविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि काही पत्रे थोडी आटोपशीर करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. कोणत्या कंपनीची रेंज चांगली आणि कोणाचे रिचार्ज स्वस्त, या विषयांवरील पत्रे मात्र बाजूला ठेवली आहेत, कारण त्यांची उत्तरे मोहल्ल्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतात.

प्रश्न : आमच्याकडे कित्येक वर्षांपासून लँडलाइन आहे. काही महिन्यांपूर्वी तांब्याची तार काढून फायबरची जोडणी देण्यात आली. नंबर तोच राहिला आणि आवाजही स्वच्छ येतो, परंतु वीज गेली की फोन बंद पडतो. पूर्वी वादळात रात्रभर अंधार असला तरी फोन चालत असे. विचारले तर "फायबरमध्ये असेच असते" एवढेच उत्तर मिळते. हे खरे आहे का?
— निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : उत्तर खरे आहे, पण अर्धवट आहे. तांब्याच्या जोडतारेवरून केवळ आवाज येत नव्हता, तर फोन चालवणारी वीजही येत होती. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची स्वतंत्र खोली असे. तेथे दोन-दोन व्होल्टच्या २४ सेल्सची रांग ४८ व्होल्टचा पुरवठा अखंड देत राही आणि महावितरणची वीज गेली तरी आधी या बॅटऱ्या व नंतर जनरेटर तो पुरवठा चालू ठेवत. आपल्या दिवाणखान्यातील फोन भिंतीवरच्या विजेच्या प्लगला जोडलेलाच नव्हता, त्यामुळे घरात दिवे आहेत की नाहीत याच्याशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. फायबर ही काचेची बारीक तार आहे. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. तो प्रकाश आवाजात आणि इंटरनेटमध्ये बदलणारी पेटी आता आपल्या घरात बसवलेली असते आणि ती बहुधा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते. वीज गेली की पेटी बंद, आणि पेटी बंद तर फोन बंद. (घरात कॉर्डलेस फोन असेल, तर तो पूर्वीही वीज गेल्यावर बंदच पडत असे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.)

यातील महत्त्वाचा मुद्दा असा की, फोन चालू ठेवण्याची जी जबाबदारी शंभर वर्षे टेलिफोन खात्याची होती, ती तार बदलताच कोणताही गाजावाजा न होता ग्राहकाच्या घरात सरकली. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले होते. तेथे एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात मदतीसाठी दाबायचे बटण असते आणि ते लँडलाइनवर चालते. नव्या जोडणीनंतर अशी काही उपकरणे बंद पडल्याच्या गंभीर घटना घडल्या, तेव्हा हे काम थांबवावे लागले आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. जे ग्राहक लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावरही किमान एक तास आपत्कालीन क्रमांकाला फोन करता यावा, अशी सोय कंपनीने करावी, अशी तेथील नियामकाची अपेक्षा आहे. आपल्याकडे ही सोय प्रत्यक्षात ग्राहकालाच करून घ्यावी लागते, आणि जोडणी बदलून देताना निदान तसे स्पष्ट सांगितले जावे, एवढी तरी मागणी आपण लेखी केलीच पाहिजे.

तोवर उपाय सोपा आहे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्या पेटीला जोडावा, किंवा घरात इन्व्हर्टर असल्यास पेटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. बऱ्याच घरांत पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर असतात, पण टीव्हीमागचा तो एक प्लग राहून जातो. सोसायटीच्या सचिवांनी आणखी एक गोष्ट तपासावी. लिफ्टमधील आपत्कालीन फोन किंवा आगीची सूचना देणारी यंत्रणा जुन्या लँडलाइनला जोडलेली असेल, तर तार बदलल्यानंतर ती चालते का, हे वीज बंद करून पाहावे. मोबाइल आहेच, असे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच असतात आणि पुरासारख्या प्रसंगी तेथे डिझेल पोहोचवणे हेच अवघड होऊन बसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी परिसरात पाणी शिरले, तेव्हाचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको.

प्रश्न : देशात ५जी सुरू झाले तेव्हा पहिल्या शहरांत नागपूर होते, असे वाचले होते. मग वर्धा रोडवर विमानतळाच्या बाजूला गेले की माझ्या फोनवर ५जी ऐवजी ४जी का दिसत असे?
— सोमलवाडा

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेचे उद्घाटन झाले, तेव्हा एअरटेलने ज्या आठ शहरांत सेवा सुरू केली त्यांत दिल्ली, मुंबई, बेंगळुरू यांच्या जोडीला नागपूरही होते. आपल्या शंकेचे उत्तर विमानाच्या पोटात आहे. विमान उतरताना जमिनीपासून नेमके किती उंचीवर आहे, हे रेडिओ अल्टिमीटर नावाचे उपकरण सांगते. ते ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. आपल्याकडील ५जीचा मुख्य पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ आहे. दोहोंत अंतर आहे, परंतु जुन्या अल्टिमीटरची गाळणी पुरेशी चोख नसेल, तर शेजारच्या पट्ट्यातील जोरदार लहरी त्याला गोंधळात टाकू शकतात. धुक्यात किंवा पावसात उतरणाऱ्या विमानासाठी ही जोखीम लहान म्हणता येत नाही.

त्यामुळे नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवले की, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातील ५जीचे बेस स्टेशन उभारू नये, आणि त्याला लागून आणखी ५४० मीटरच्या पट्ट्यात त्याची शक्ती मर्यादित ठेवावी. विमानांतील उपकरणे बदलली जात नाहीत तोपर्यंतची ही व्यवस्था होती. नागपूरचा विमानतळ शहराला चिकटून असल्याने आणि वर्धा रोडच्या दोन्ही अंगांना वस्ती दाटलेली असल्याने हा नियम आपल्याला जितका जाणवला, तितका शहराबाहेर विमानतळ असलेल्या गावांना जाणवला नसेल.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अमेरिकेत हाच वाद जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे आपल्या स्पेक्ट्रम लिलावाच्या सहा महिने आधी, अगदी ऐन वेळी पेटला होता आणि काही विमान कंपन्यांनी तेथील उड्डाणे रद्दही केली होती. आपल्या दूरसंचार आणि विमान वाहतूक या दोन खात्यांनी लिलावापूर्वीच एकत्र बसून ही अंतरे ठरवली असती, तर उभारलेली यंत्रणा नंतर आवरती घेण्याची वेळ आली नसती. नव्या नेटवर्कचे नियमन अवघड होते ते बहुधा असे, दोन खात्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत.

प्रश्न : ५जी हे ४जीपेक्षा सुरक्षित आहे, असे शिकवले जाते. चिनी उपकरणे वगळल्यावर आपले नेटवर्क सुरक्षित झाले, असे मानावे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. आधी तंत्र पाहू. जगभरची टेलिफोन एक्स्चेंजेस एकमेकांशी ज्या संकेतभाषेत बोलत आली, ती एसएस७ नावाची पद्धत १९७० च्या दशकात तयार झाली. त्या काळी टेलिफोन चालवणाऱ्या संस्था मोजक्या आणि बहुतेक सरकारी होत्या, त्यामुळे आलेला निरोप खरोखर कोणाकडून आला हे तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही. दार ठोठावणाऱ्याला नाव-गाव न विचारता आत घेणाऱ्या वाड्यासारखी ती व्यवस्था होती. पुढे या जाळ्यात शेकडो कंपन्या आल्या, पण दार तसेच राहिले. २०१७ मध्ये जर्मनीत याच दारातून चोर आत आले. बँकेचे ओटीपी असलेले एसएमएस त्यांनी परस्पर आपल्याकडे वळवले आणि ग्राहकांची खाती रिकामी केली. त्या ग्राहकांनी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता, हे लक्षात घ्या.

५जीच्या मानकांत यावर विचार झालेला आहे. आपल्या सिमची कायमची ओळख आता हवेतून उघडी जात नाही. फोन ती कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद करून पाठवतो, त्यामुळे बनावट टॉवर उभारून आसपासचे फोन ओळखणे कठीण होते. दोन कंपन्यांच्या नेटवर्कमध्येही सीमेवर तपासणीची व्यवस्था केली आहे. परंतु हे सारे लाभ मिळतात ते संपूर्ण ५जी नेटवर्कवर. आपल्या देशात जिओने आरंभापासून संपूर्ण ५जी पद्धत निवडली, तर एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या गाभ्यावर, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेवर, ५जीचे रेडिओ बसवून. या दुसऱ्या पद्धतीत फोनवर ५जी अशी अक्षरे दिसतात, वेगही मिळतो, पण ओळख पटवण्याचे काम जुनाच गाभा करतो. त्यातही फोन घसरत घसरत २जीवर गेला, की संपलेच. २जीमध्ये नेटवर्क फोनची ओळख तपासते, पण फोन नेटवर्कची तपासत नाही. अलीकडच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये २जी बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. शहरात ती वापरायला हरकत नाही. उमरेड किंवा काटोलकडच्या आतल्या गावांत जायचे असेल, तर मात्र पुन्हा चालू करावी, नाहीतर ऐन वेळी कॉलच लागणार नाही.

आता उपकरणांविषयी. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये ह्वावे या चिनी कंपनीला ५जीपासून दूर ठेवले. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये, २०२७ अखेरपर्यंत तिची उपकरणे ५जीमधून काढून टाकण्याचे ठरवले. भारताने कोणत्याही देशाचे नाव घेतले नाही. १५ जून २०२१ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा निर्देशानुसार कंपन्यांना नवी उपकरणे केवळ 'विश्वासार्ह स्रोतां'कडूनच घेता येतात आणि तो स्रोत विश्वासार्ह आहे की नाही हे राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयकांच्या अखत्यारीत ठरते. आधी बसवलेली उपकरणे उपटून टाकण्याची सक्ती त्यात नाही, म्हणजे जुन्या थरांत ती अजून असू शकतात. दुसऱ्या बाजूने स्वदेशी उपकरणांचा प्रयत्न चालू आहे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या ज्या ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले, त्याचा गाभा सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचा, रेडिओ तेजस नेटवर्क्सचे आणि जोडणीचे काम टीसीएसचे आहे.

ही पावले योग्यच आहेत, पण देश बदलला की धोका टळला, हे गणित फसवे आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील बड्या दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात 'सॉल्ट टायफून' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॅकरांच्या गटाने शिरकाव केल्याचे उघड झाले. या गटाचा संबंध चीनशी असल्याचे अमेरिकी सरकारने सांगितले. मात्र आत शिरण्यासाठी चिनी उपकरणांची गरज पडली नव्हती. राउटरमधील आधीच जाहीर झालेल्या पण वेळेत न बुजवलेल्या त्रुटी आणि चोरलेले पासवर्ड एवढ्यावर काम भागले. याहून बोचणारी बाब म्हणजे, सरकारी आदेशाने संभाषण ऐकण्यासाठी कायद्यानेच ठेवायला लावलेल्या यंत्रणेपर्यंत हे हॅकर पोहोचले. सरकारसाठी मागचे दार ठेवले की त्या दाराची किल्ली कधीतरी दुसऱ्याच्या हाती पडते, हे अभ्यासक अनेक वर्षे सांगत होते. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द अमेरिकी सुरक्षा यंत्रणांनी लोकांना पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणालाही वाचता न येणारी (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) संदेश-ॲप वापरण्याचा सल्ला दिला.

नव्या नेटवर्कचा गाभा आता खास यंत्रांत नसून साध्या सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. जुन्या एक्स्चेंजमध्ये शिरायला फाटक ओलांडावे लागे, येथे दूरवरच्या देखभाल अभियंत्याचे एक लॉगिन पुरते. म्हणून आपण विद्यार्थी आहात तर सल्ला असा, की उपकरण कोठे बनले यापेक्षा ते अद्ययावत कोण करतो, त्याला कोणत्या अधिकाराने आत जाता येते आणि त्याची नोंद कोण तपासतो, हे प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी.

प्रश्न : "तुमचे सिम ५जीमध्ये बदलायचे आहे, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला. काय करावे?
— गृहिणी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : फोन ठेवावा. जिओ आणि एअरटेलच्या बहुतेक ग्राहकांना चालू ४जी सिमवरच ५जी मिळते. तो ओटीपी दिला, तर तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर जाऊ शकतो. सिम बदलल्यानंतर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याची आणि १ जुलै २०२४ पासून सात दिवस दुसऱ्या कंपनीत नंबर नेऊ न देण्याची तरतूद आहे, पण ती चोराला थोडी थोपवते इतकेच. घरात बसल्या बसल्या फोनची रेंज अचानक पूर्ण गेली आणि शेजारच्यांची चालू असेल, तर आधी बँकेला कळवावे, मग कंपनीच्या दुकानात जावे. पैसे गेले असल्यास १९३० वर तत्काळ तक्रार नोंदवावी. आपल्या नावावर किती नंबर आहेत, हे 'संचार साथी' पोर्टलवर पाहता येते. एका व्यक्तीला महाराष्ट्रात नऊपर्यंत सिम घेता येतात, आणि त्याहून अधिक आढळल्यास नव्या कायद्यात पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाच्या मित्राला किंवा भाडेकरूला आपल्या आधारवर सिम काढून देण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती आता तरी थांबवावी.

प्रश्न : आमच्या भागात सिमेंट रस्ता झाला आणि काही महिन्यांतच फायबरसाठी तो पुन्हा फोडला. कंपन्यांना अशी मुभा कायदा देतो का?
— व्यापारी, इतवारी

उत्तर : रस्त्याखालून केबल नेण्याचा हक्क कायदा देतो, परंतु तो परवानगी घेऊन आणि रस्ता पूर्ववत करून देण्याच्या अटीवर. १ जानेवारी २०२५ पासून मार्ग-हक्काचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यानुसार अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि स्थानिक संस्थेने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यायचा असतो. ५जीचे टॉवर जवळजवळ लागतात आणि प्रत्येकापर्यंत फायबर न्यावी लागते, हे खरेच आहे. फायबर नसलेला ५जी टॉवर म्हणजे नुसता खांब. पण डांबरी रस्ता खोदून बुजवणे वेगळे आणि सिमेंटचा पट्टा कापणे वेगळे. कापलेल्या सिमेंटला दिलेले ठिगळ पहिल्याच पावसाळ्यात खचते, हे नागपूरकरांना ठाऊक आहे. सिमेंट रस्ता ओतण्यापूर्वीच त्याच्या कडेने रिकामे पाइप टाकून ठेवणे आणि नंतर सर्व कंपन्यांना ते भाड्याने देणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि तो निर्णय दिल्लीत नव्हे, महापालिकेत घ्यायचा आहे. केंद्राने मार्च २०२३ मध्ये खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले. आपल्या दारात खोदकाम सुरू झाल्यास कंत्राटदाराकडे परवानगीची प्रत मागावी आणि वॉर्ड कार्यालयात लेखी विचारणा करावी.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे आणि त्यावर आता ५जीचे अँटेना आले. किरणोत्सर्ग वाढला का?
— सोसायटी सदस्य, मनीषनगर

उत्तर : या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून टाकणाऱ्या (आयनीकारक) नसतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लावली आणि अँटेना नवे आले तरी गच्चीवरील एकूण पातळी मोजली जाते. 'तरंग संचार' पोर्टलवर आपल्या टॉवरची माहिती पाहता येते आणि ठरावीक शुल्क भरून मोजणीही करून घेता येते. सोसायटीने खरी काळजी करायची ती गच्चीवरील वजनाची, जनरेटरच्या डिझेलची आणि करारातील मुदतीची.

प्रश्न : बुटीबोरीत आमचा मध्यम आकाराचा कारखाना आहे. यंत्रांसाठी स्वतःचे ५जी नेटवर्क उभारता येईल, असे एका सल्लागाराने सांगितले. परवाना लागतो का?

उत्तर : लागतो. जून २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने खासगी नेटवर्कसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दूरसंचार कंपनीकडून सेवा घेणे, तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेणे किंवा सरकारकडून थेट स्पेक्ट्रम मिळवणे, असे मार्ग सांगितले आहेत. थेट स्पेक्ट्रमला दूरसंचार कंपन्यांचा विरोध राहिला आहे. आम्ही लिलावात हजारो कोटी मोजले, मग उद्योगांना ते वेगळ्या वाटेने का द्यावे, असा त्यांचा सवाल आहे. मध्यम कारखान्याने या वादात पडण्याचे कारण नाही. कंपनीकडून सेवा घ्यावी, आणि एका शेडपुरते काम असेल तर चांगले वाय-फाय पुरते. मात्र सेन्सर आणि कॅमेरे विकत घेतल्यावर त्यांचे मूळ पासवर्ड बदलले का, हे आजच पाहावे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने असे मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि राउटर हाताशी धरूनच अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती.

प्रश्न : १८८५ चा टेलिग्राफ कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने यात सुधारणा झाली की सरकारचे हात अधिक लांब झाले?
— वकील, सिव्हिल लाइन्स

उत्तर : दोन्ही झाले, पण सारख्या प्रमाणात नाही. ब्रिटिशांच्या काळातील तारायंत्राच्या कायद्यावर इंटरनेट चालवणे कधीतरी थांबवायलाच हवे होते. परवान्यांच्या जंजाळाऐवजी अधिकृततेची सोपी पद्धत आणि मार्ग-हक्काची स्पष्टता या उपयोगी गोष्टी नव्या कायद्यात आहेत. जून २०२४ पासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनुसार कंपनीने सुरक्षेला धक्का देणारी घटना कळताच सहा तासांच्या आत केंद्र सरकारला कळवायची आहे आणि २४ तासांत तपशील द्यायचा आहे. हे चांगलेच आहे. मात्र ज्याची माहिती फुटली, त्या ग्राहकाला कळवायचे की नाही हे सार्वजनिक हित पाहून सरकार ठरवणार. सहा तासांत दिल्लीला कळू शकते, तर सहा दिवसांत इतवारीतील ग्राहकाला कळायला हरकत काय, याचे उत्तर नियमांत सापडत नाही.

इंटरनेट बंद करण्याच्या अधिकाराचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सांगितले की, असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते अनिश्चित काळासाठी असू शकत नाहीत. नव्या नियमांत कारणे लेखी देण्याची अट आणि १५ दिवसांची कमाल मर्यादा आहे. परंतु आदेश देणारे सचिव आणि त्या आदेशाची छाननी करणाऱ्या समितीवरचेही सचिवच, ही जुनी रचना कायम राहिली. बाहेरचा, विशेषतः न्यायव्यवस्थेतील, एकही सदस्य त्या समितीत नसावा, हे मला पटत नाही.

घाईचे एक ताजे उदाहरण पाहा. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच घालून देण्यास उत्पादकांना सांगण्यात आले. हे ॲप उपयोगी आहे, वर मी त्याच पोर्टलची शिफारस केली आहे. पण सक्ती म्हणताच खासगीपणाचा प्रश्न उभा राहिला आणि ३ डिसेंबरला ती मागे घ्यावी लागली. मसुदा आधी लोकांपुढे ठेवला असता, तर हा प्रश्न आठवडाभर आधीच विचारला गेला असता.

प्रश्न : ५जीमध्ये म्हणे एकाच नेटवर्कचे वेगवेगळे तुकडे करून विकता येतात. मग जास्त पैसे देणाऱ्याला मोकळा रस्ता आणि आमच्यासारख्या ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांना गर्दी, असे होईल का?
— शिकवणी वर्ग चालक, खामला

उत्तर : तंत्राने ते शक्य आहे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक देण्याची, चौकट मान्य केली. त्या चौकटीत 'विशेष सेवां'ना सूट आहे, म्हणजे दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या कामाला वेगळी वाट देता येईल. ही सूट रास्तच आहे. पण उद्या एखादी खेळाची किंवा चित्रपटांची सेवाही स्वतःला विशेष म्हणवून घेईल, तेव्हा तिला अडवण्याइतकी नेमकी व्याख्या आज हाताशी नाही. ट्राय सल्लामसलतीसाठी मसुदे प्रसिद्ध करते, तेव्हा मोठ्या कंपन्या पानेच्या पाने लिहून पाठवतात. शिकवणी वर्गांच्या संघटनेनेही दोन पाने पाठवावीत.

प्रश्न : कंपनी दाद देत नाही. ट्रायकडे तक्रार करता येते का?
— अनेक वाचक

उत्तर : ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या लोक-तक्रार कक्षाचा मार्ग आहे. बरेच जण येथे थांबतात, कारण टेलिफोनचे भांडण ग्राहक मंचात चालत नाही असा समज जुना आहे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला, आणि दूरसंचार सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते असा निकाल दिला. नागपुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि वकील न करताही तेथे तक्रार दाखल करता येते. तक्रार क्रमांक, बिले आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावून न्यावा. फोनवर झालेल्या बोलण्यापेक्षा एका ई-मेलचे वजन तेथे अधिक पडते.